प्रयोग असेल तर पावती कशाची?

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात कंपवातावरचे, म्हणजे पार्किन्सन्सवरचे, दोन अहवाल सोबतच प्रसिद्ध झाले. एक जपानमधल्या क्योतोचा, दुसरा उत्तर अमेरिकेतला. दोन्हींत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत सोडल्या होत्या, आणि दोन्हींत त्या तिथे तगल्याच्या, हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन बनवू लागल्याच्या खुणा दिसल्या. ही बातमी सोलापुरात पोचेपर्यंत तिचं रूप पार पालटलेलं होतं. आमच्या पूर्व भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी फिरली ती अशी: पार्किन्सन्स, लकवा, मतिमंदत्व, स्मृतिभ्रंश आता स्टेमसेलने बरे होतात, परदेशात सिद्ध झालं, मोफत सल्ला शिबिर. खाली एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा मोबाइल नंबर. सल्ला मोफत होता हे खरं. पॅकेज अडीच लाखांपासून पुढे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पेशींचं प्रत्यारोपण हे थोतांड नाही. गेली चाळीस वर्षं चुकत, ठेचकाळत पुढे सरकलेली ती खरी विद्या आहे. पण कंपवात, अल्झायमर, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा मोटर न्यूरॉन डिसीज यांतल्या एकाही आजारावर तिला आपल्या देशात उपचार म्हणून मान्यता नाही. ती अजून प्रयोग आहे, आणि प्रयोगाचा खर्च ज्याच्या अंगावर प्रयोग होतो त्याच्याकडून घ्यायचा नसतो. तेव्हा मेंदूच्या आजारासाठी पेशींचं इंजेक्शन दिल्याची पावती जिथे रुग्णाच्या हातात पडते, तिथे शास्त्राचा काथ्याकूट करत बसण्याची गरजच नाही. ती पावतीच पुरावा धरावी आणि महापालिकेने, अन्न व औषध प्रशासनाने त्यावर हालचाल करावी.

हा विषय पुण्या-मुंबईचा आहे, सोलापूरला त्याचं काय, असं वाटणाऱ्यांनी आमच्या गल्लीत यावं. इथले एक अन्ना जन्मभर टॉवेलच्या मागावर होते. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून तो सांधायचा असतो, आणि मुरलेला कामगार ती गाठ न बघता दोन बोटांच्या चिमटीत मारतो. अन्नांना गाठ जमेनाशी झाली. आधी चष्मा बदलला. मग खांदा आखडलाय म्हणून तेलपाणी झालं. मग कुणीतरी मणक्याचा एमआरआय काढायला लावला. हात उघड कापायला लागला तेव्हा कुठे कंपवाताचं नाव निघालं. विड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच. रोज हजार विड्यांचा हात हळूहळू सहाशेवर येतो आणि घरचे म्हणतात, वय झालं आता. बोटांवर पोट असलेल्या या शहरात कंपवात नुसता म्हातारपणाचा आजार राहत नाही, तो थेट रोजगारावर येतो. मग घरचे काय वाट्टेल ते करायला तयार होतात. अन्नांच्या मुलांनी शिबिरातून आल्यावर घरचे दोन जुने माग भंगारात काढायचं ठरवलं. भंगारवाला ते किलोवर घेतो. दोन माग मोडून पॅकेजचा पहिला हप्ताही निघेना, तेव्हा नजर आईच्या गळ्याकडे वळली.

अन्नांचा धाकटा मला म्हणाला, "काका, जपानमध्ये होतंय म्हणतेत. मग हितं का नको?"

प्रश्न चोख आहे. 'सगळी लुबाडणूक आहे रे' असं म्हणून तो उडवून लावता येत नाही, कारण जपानमध्ये खरंच काहीतरी होतंय. शिकल्यासवरल्या माणसांची ही एक खोड आहे. फसवणूक दिसली की मूळ गोष्टच खोटी ठरवून मोकळं व्हायचं. त्याने समोरच्याचं समाधान होत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची पुढची लिंक आपल्यालाच खोटं पाडते. म्हणून जपानमध्ये काय होतंय ते नीट सांगावं लागतं.

कंपवातात मेंदूच्या खालच्या भागातल्या एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हात कापायला लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात. १९६० च्या दशकात लेव्होडोपा आलं आणि ताठरून पडलेली माणसं उठून चालू लागली. आजही मुख्य औषध तेच. पण काही वर्षांनी गोळीचा अंमल तुटक होतो. चढली की अंग आपोआप वळवळतं, उतरली की पाय जमिनीला खिळतात. मग मेलेल्या पेशींच्या जागी त्याच जातीच्या नव्या पेशी लावल्या तर, हा विचार साहजिक होता. आणि त्या विचाराला कंपवात सोयीचाही होता: मुख्यतः एका जातीच्या पेशी, त्यांचं ठरलेलं एक काम, आणि त्यांचं रसायन जिथे लागतं ती पुटामेन नावाची जागा नेमकी माहीत. अल्झायमरमध्ये मेंदूतलं जाळंच ठिकठिकाणी विरत जातं. तिथे नवी पेशी नेऊन कुठल्या आठवणीला जोडणार? मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये तर कण्यापासून पायाच्या स्नायूपर्यंत जवळजवळ मीटरभर लांब तंतू वाढवावा लागेल. हे आजार एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की एकाच इंजेक्शनने सगळेच बरे करणारी जाहिरात स्वतःच स्वतःला खोडून काढते.

मेंदूत पेशी लावण्याच्या कहाणीत एक प्रकरण आजच्या शिबिरवाल्यांना मुळीच नको असतं. १९८७ मध्ये मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा तुकडा मेंदूत बसवून थक्क करणारी सुधारणा झाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत लगेच ही शस्त्रक्रिया धडाधड सुरू झाली. थोड्याच वर्षांत कळलं की फायदा टिकत नाही आणि त्रास मात्र मोठा होतो. ती बंद पडली. स्वीडनमधल्या लुंडच्या गटाने त्याच सुमारास गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतल्या पेशी वापरायला सुरुवात केली. त्यांचे काही रुग्ण पुढे वर्षानुवर्षं औषधाशिवाय राहिले. काहींना काहीच गुण आला नाही. नक्की काय खरं, हे ठरवायला अमेरिकेत सरकारी पैशातून दोन कडक चाचण्या झाल्या.

पहिलीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. ४० रुग्ण. निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या. उरलेल्यांच्या कवटीला भोकं पाडली, पण सुई मेंदूत घातलीच नाही. आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि त्याला तपासणाऱ्यालाही नव्हतं. कवटीला उगाच भोक पाडायचं हे ऐकून अंगावर काटा येतो, आणि तेव्हा डॉक्टरांमध्येच त्यावरून जोराचा वाद झाला होता. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात याच्याइतकी प्रामाणिक गोष्ट दुसरी नाही. वर्षाअखेर रुग्णांना स्वतःला किती बरं वाटतंय हे विचारलं, तर दोन्ही गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांच्या हालचालीत काही सुधारणा मोजता आली, पण पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे औषध बंद असतानाही आवरत नाही अशी वळवळ सुरू झाली. २००३ मधल्या दुसऱ्या चाचणीत फायदा सिद्ध झाला नाहीच, आणि वळवळीचा त्रास पेशी मिळालेल्या निम्म्याहून जास्त जणांना झाला. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. दहाएक वर्षांहून जास्त काळ मेंदूत राहिलेल्या काही प्रत्यारोपित पेशी रुग्णाच्या मृत्यूनंतर तपासल्या, तर त्यांतही कंपवाताच्या खुणा सापडल्या. आजार नव्या पेशींनाही धरत होता.

पण २००१ च्या त्या चाचणीला एक शेपूट आहे, आणि सोलापूरच्या शिबिराशी तिचा खरा संबंध तिथेच येतो. त्यातल्या ३० रुग्णांचा संशोधकांनी वेगळा अभ्यास केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना 'मला पेशी मिळाल्या आहेत' असं वाटत होतं, त्यांचं जगणं अधिक सुधारलं होतं. खरोखर मिळाल्या होत्या की नाही, याचा प्रभाव त्यापुढे फिका पडला. ही नुसती मनाची समजूत म्हणून सोडून देता येत नाही. व्हँकुव्हरच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्येच मेंदूच्या स्कॅनवर दाखवून दिलं होतं की कंपवाताच्या रुग्णाला औषध म्हणून पाण्यासारखं इंजेक्शन दिलं तरी त्याच्या मेंदूत खरोखरीचं डोपामिन सुटतं. गुण येणार या अपेक्षेनेच तो काही काळ चालू लागतो. गुडघेदुखीतही अपेक्षेचा परिणाम होतो, पण कंपवातात अपेक्षा आणि आजार दोघांचं रसायन एकच आहे.

याहून पुढची गोष्ट २०१५ मधली. अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांना सांगितलं की एकाच नव्या औषधाची दोन इंजेक्शनं आहेत, दोन्ही सारखीच चालतात, फक्त बनवण्याच्या पद्धतीमुळे एक १०० डॉलरचं आहे आणि दुसरं १५०० डॉलरचं. दोन्हींत निव्वळ सलाइन होतं. महाग म्हणून दिलेल्या सलाइनने रुग्णांची हालचाल स्वस्तातल्यापेक्षा जास्त सुधारली.

आता अडीच लाखांच्या पॅकेजकडे पुन्हा बघा. घरचे माग मोडून, गळ्यातलं गहाण टाकून, एसी हॉलमध्ये कोट घातलेल्या माणसाच्या हातून जे इंजेक्शन घेतलं, त्याने काही काळ हात हलका होणं साहजिकच. रुग्ण कॅमेऱ्यासमोर सांगतो की मला फरक पडला, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला फरक पडलेलाच असतो. तो ओसरतो तेव्हा कॅमेरा पुढच्या गावाला गेलेला असतो, आणि सेंटरवाले म्हणतात, दुसरा डोस राहिला ना तुमचा! पैसे घेऊन केलेला प्रयोग नीतीच्या दृष्टीने वाईट, हे तर आहेच. पण कंपवातात तो शास्त्र म्हणूनही कुचकामी आहे, कारण किंमतच औषधासारखी काम करते. जितके पैसे जास्त, तितका खरा परिणाम ओळखणं कठीण. म्हणून मी पावतीवर बोट ठेवतो.

या पॅकेजमध्ये प्रत्यक्षात करतात काय? बहुतेक ठिकाणी कंबरेच्या हाडातून रुग्णाचाच बोन मॅरो काढतात, नाहीतर पोटावरची चरबी घेतात, ती यंत्रात फिरवून त्यातला एक थर वेगळा करतात आणि पाठीच्या कण्यातून किंवा शिरेतून परत सोडतात. सकाळी भरती, दुसऱ्या दिवशी घरी. मॅरोतल्या या पेशी डोपामिन बनवणाऱ्या चेतापेशी होत नाहीत, आणि शिरेतून सोडलेल्या तर मोठ्या प्रमाणावर फुप्फुसातच अडकतात. कारखान्याच्या अंगणात सुताचं पोतं रिकामं करून आत मागावर टॉवेल निघण्याची वाट बघत बसावं, तसला हा प्रकार आहे.

क्योतोत याच्या उलट झालं. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या पेशीला परत मूळ अवस्थेत नेण्याची युक्ती शोधली. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत त्यासाठीच मिळालं. या पेशींपासून डोपामिन पेशींच्या आधीची पायरी तयार करायची, नको त्या पेशी चाळून बाजूला काढायच्या, कारण एखादी जरी कच्ची राहिली तरी गाठ होऊ शकते, आणि मग कवटीला चौकट लावून मिलिमीटरच्या हिशोबाने त्या पुटामेनमध्ये सोडायच्या. वर शरीराने त्या परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून वर्षभराहून जास्त काळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. जून ताकाहाशी यांच्या गटाने पहिली शस्त्रक्रिया २०१८ मध्ये केली आणि सात रुग्णांचा दोन वर्षांचा अहवाल २०२५ मध्ये दिला. गंभीर दुष्परिणाम आढळला नाही. परिणाम मोजलेल्या सहांपैकी चौघांची, औषधाचा अंमल उतरलेला असतानाची हालचाल सुधारली. उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत बारा जण होते, पेशी मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून (स्टेमसेलपासून) बनवलेल्या, आणि दीड वर्षाने जास्त मात्रा मिळालेल्यांची सुधारणा अधिक दिसली. दोन्हीकडे तुलनेसाठी खोट्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता. त्यामुळे वर सांगितलेली अपेक्षेची करामत यात किती, हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. ते ठरवायला उत्तर अमेरिकेतल्या कंपनीने पुढच्या टप्प्यात पुन्हा खोट्या शस्त्रक्रियेचा गट घेतला आहे. एवढी माणसं, एवढा पैसा, एवढी वर्षं, आणि तरी 'सिद्ध झालं' असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

"निदान अपाय तर नाही ना" असं शिबिरात हमखास सांगतात. इस्रायलमधल्या एका मुलाला त्याच्या दुर्मीळ मेंदूविकारासाठी मॉस्कोत गर्भाच्या पेशी टोचल्या होत्या. पुढे त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी झाल्या आणि त्या गाठी पेशी देणाऱ्यांच्याच पेशींपासून झालेल्या निघाल्या; २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एका अमेरिकन माणसाने लकव्यानंतर वेगवेगळ्या देशांत जाऊन अशी इंजेक्शनं घेतली आणि त्याच्या कण्यात दुसऱ्याच कुणाच्या पेशींची गाठ वाढली, हे २०१६ चं. आपल्याकडचे सेंटरवाले म्हणतील, आम्ही रुग्णाच्याच पेशी देतो. गाठीचा धोका त्याने कमी होतो हे मान्य. पण कण्यात सुई घालताना जंतू गेले तर ते रुग्णाचे आहेत की परके, याने काही फरक पडत नाही. आणि या नादात गोळ्या सोडणारेही असतात. लेव्होडोपा एकाएकी बंद केलं तर ताप, ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. शिबिरात हे कुणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये मूळपेशींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. रक्ताच्या ठरावीक आजारांत मॅरो-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच करावं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असं त्यात आहे. पण सूचना म्हणजे कायदा नाही, आणि सगळी पळवाट तिथेच आहे. रुग्णाच्याच पेशी त्याच दिवशी परत दिल्या तर ते औषध कसलं, ही तर शस्त्रक्रिया, असा युक्तिवाद करायला सेंटरं मोकळी राहतात. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांनी मूळपेशींपासून बनवलेली उत्पादनं नव्या औषधांत घातली, पण कमीत कमी प्रक्रिया केलेल्या पेशींवरून वाद चालूच राहिला. स्वमग्नतेवर असल्या इंजेक्शनांची शिफारस करता येत नाही असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं, आणि त्यानंतरही जाहिराती दिसत होत्याच.

शास्त्राच्या वाटेने गेलं की असा वकिली गुंता होतो. पावतीच्या वाटेने तो होत नाही. पेशी औषध आहेत की नाहीत यावर तज्ज्ञ वर्षभर भांडू शकतात. पैसे घेतले की नाही यावर कसला वाद? प्रयोग असेल तर पैसे घ्यायचे नाहीत. उपचार असेल तर मान्यता दाखवा. तिसरा रस्ता नाही. शहराच्या हद्दीत खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे असते. आरोग्याधिकाऱ्यांनी नूतनीकरणाच्या वेळी एकच लेखी हमी घ्यावी: आमच्या जागेत मेंदूच्या आजारासाठी पेशींचं इंजेक्शन दिलं जात नाही, किंवा दिलं जात असेल तर या नोंदणी क्रमांकाच्या चाचणीत, विनामूल्य. शिबिराला हॉल देणारेही यात आले. लग्नाचं बुकिंग आहे की औषधाचं, एवढं तर कार्यालयवाल्याला कळतं.

जाहिरातीला तर १९५४ चाच कायदा पुरतो. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या त्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवर गुण देण्याची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांत लकवा आहे आणि मेंदूचे विकारही आहेत. कायदा केला तेव्हा डोळ्यांसमोर जत्रेत जडीबुटी घेऊन बसणारे असावेत. गड्ड्यावरचा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेतला तो माणूस निदान स्वतःचं नाव 'रिजनरेटिव्ह सेंटर' ठेवत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्याला दुसरं काही उरलेलं नाही, त्याला तुम्ही कोण अडवणार? मोटर न्यूरॉन डिसीज झालेल्या माणसाकडे कधीकधी दोन-तीन वर्षंच असतात. त्याला चाचणीचे निकाल येईपर्यंत थांब म्हणणं निष्ठुर आहे. मला हे पटतं, आणि म्हणूनच मी प्रयोग बंद करा असं म्हणत नाही. रुग्णाकडून पैसे घेणं बंद करा म्हणतो. ज्याला मनापासून वाटतं की आपल्याकडच्या पेशींनी हा माणूस सुधारेल, त्याने चाचणी नोंदवावी, निधी उभा करावा आणि फुकट द्यावं. एवढ्याने ज्यांचं दुकान बंद पडतं, त्यांना गुण येण्याची खात्री कधी नव्हतीच. याच आजारासाठी अमेरिकेत एका कंपनीने मॅरोच्या पेशींची रीतसर मोठी चाचणी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारी सल्लागार समितीने १७ विरुद्ध १ मतांनी पुरावा अपुरा ठरवला आणि कंपनीने अर्ज मागे घेतला. रुग्णांच्या संघटना मंजुरीसाठी पाठ लावून होत्या, त्यांचं दुःख खरं होतं, आणि तरीही पुरावा नव्हता. आपल्याकडे तसल्याच पेशी कसल्याही चाचणीविना विकल्या जातात.

जपानबद्दल एक गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, ती दडवणार नाही. जपानने २०१४ पासून अशा उत्पादनांना थोड्या पुराव्यावर सशर्त, मुदतबंद मंजुरी देण्याची सोय केली आहे. पुढचा पुरावा विकता विकता गोळा करायचा. क्योतोच्या पेशींसाठी संबंधित कंपनीने २०२५ मध्ये मंजुरीचा अर्ज केला. म्हणजे पुरावा पुरा होण्याआधी पैसे घेण्याची मुभा तिथे कायद्यानेच आहे. याचा परिणाम काय झाला? हृदयविकारावरच्या एका पेशी-उत्पादनाला २०१५ मध्ये सात रुग्णांच्या जोरावर अशी मंजुरी मिळाली होती. २०२४ मध्ये परिणामकारकता पटली नाही म्हणून ते बाजारातून गेलं. मधल्या वर्षांत ज्यांनी ते घेतलं त्यांनी, किंवा त्यांच्या वतीने विम्याने, एका न ठरलेल्या गोष्टीचे पैसे मोजले. जपानमध्ये प्रत्येक माणसाला विमा आहे, प्रत्येक रुग्णाची नोंद आहे. सोलापुरात ते ओझं कुणाच्या तरी मागावर नाहीतर मंगळसूत्रावर पडतं. जपानची प्रयोगशाळा आपण जरूर घ्यावी, तिची ही सवलत मात्र नको.

मधल्या काळात अन्नांसारख्यांना मिळू शकतं ते साधं आहे आणि तेही मिळत नाही. सोलापूरचं वैद्यकीय क्षेत्र मोठं आहे. विजापूर, कलबुर्गी, धाराशिवहून रोज माणसं इथे येतात. पण कंपवाताचं निदान वेळेत होत नाही, आणि झालं तरी गोळी कशी घ्यायची हे दोन मिनिटांत सांगून होतं. लेव्होडोपा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं, कारण प्रथिनं त्याच्या वाटेत येतात. इथे सकाळी भाकरीवर शेंगाचटणी आणि त्याच घासासोबत गोळी, मग माणूस म्हणतो औषध लागू पडत नाही. हे तेलुगू आणि कन्नडमध्येही छापून सिव्हिलच्या ओपीडीत लावायला कोणती परदेशी पेशी लागते? व्यायाम, चालण्याचा सराव, बोलण्याचा सराव यांना फिजिओथेरपिस्ट लागतो, तो पूर्व भागात मिळावा. काही रुग्णांना मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते, ती लाखांच्या घरात जाते, पण ती रीतसर तपासलेली आहे. माग मोडायचेच असतील तर निदान त्यासाठी मोडावेत, तेही न्यूरोफिजिशियनने योग्य ठरवल्यावर.

आणि एक काम वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाने करण्यासारखं आहे. जिल्ह्यातल्या कंपवाताच्या रुग्णांची नोंदवही. वय, आजार कधी सुरू झाला, गोळीला किती दाद देतो, घरी फोन कुणाचा. क्योतोने पन्नास ते एकोणसत्तर वयाचे रुग्ण घेतले होते. उद्या पुण्यात, मुंबईत किंवा बंगळूरला खरी चाचणी उघडली तर असे निकष लागतील, आणि ज्या गावात रुग्णांची यादीच नाही तिथून कुणाला बोलावणार? चाचण्यांची देशपातळीवरची नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कुणालाही मोबाइलवर बघता येते. महाविद्यालयातल्या एखाद्या निवासी डॉक्टरने महिन्यातून एकदा ती चाळून या वहीशी ताडून बघावी. बोलावणं आलं तर गाडीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज चाचणी करणाऱ्यानेच द्यावा, अशी अट आत्तापासून घालून ठेवावी.